एक टोला म्हणजे थांबा

हे मी हातानं लिहिलेलं नाही. मी सांगितलं आणि माझी मुलगी सुनीता हिनं लिहून घेतलं. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत ती आत जाऊन चहा टाकते, गाळते, कप घेऊन परत येते आणि वर विचारते, "झालं का अण्णा वाक्य?"

एस.टी.त कंडक्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. लोक मला मास्तर म्हणायचे, अजूनही म्हणतात. खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या बाकावरून आवाज दिला तरी तो ड्रायव्हरपर्यंत जायचा. तोच मी आता पाणी मागायचं झालं तर आधी मनातल्या मनात शब्द जुळवतो आणि मग तोंड उघडतो. उजव्या हाताला शर्टाचं बटण अजून जमत नाही. मला लकवा मारला त्याला दोन-अडीच वर्षं होऊन गेली.

हा आजार कशानं होतो, मेंदूत काय बंद पडतं, ते डॉक्टर सांगतील. मला सांगायचंय ते आजार सुरू झाला तिथून योग्य दवाखान्याच्या दारापर्यंतच्या रस्त्याबद्दल. माझं जे गेलं त्यातलं पुष्कळसं त्या रस्त्यात गेलं. ज्यांच्या घरात असं अजून काही घडलेलं नाही त्यांनी हे वाचावं, घडल्यावर वाचून फार उपयोग होत नाही.

*

आमचं गाव येरमाळ्याच्या अलीकडं, कळंबच्या बाजूला. थंडीत ज्वारी हुरड्याला आली की पाहुण्यांना बोलवायचं, हे आमच्याकडं ठरलेलं. त्या वर्षी सुनीता आणि आमचे जावई राजेंद्र खास हुरड्यासाठी आले होते. राजेंद्र स्वभावानं सज्जन माणूस आहे. कुणाच्या घरी काही अडलं तर पहिला धावून जाणार. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी त्यांच्याबद्दल घाईनं मत करू नये.

सकाळीच शेतात आगटी पेटवली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसली. हुरडा चोळायचं काम दरवर्षी माझं. गरम कणीस दोन्ही तळहातांत धरून चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे पाहुण्यापुढं ओतायचे. चार-सहा कणसं चोळली. पुढचं हातात घेतलं तर उजवा हात फिरेना. मला वाटलं चटका बसला. कणीस खाली पडलं. उचलायला वाकलो तर बोटं ऐकेनात.

"अण्णा, जावयाला बघून हात आखडला व्हय?" माझा मुलगा विकास म्हणाला. सगळे हसले. मीही हसायला गेलो आणि माझं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. माझी बायको मालन समोरच बसली होती. तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

"आवं, असं काय बघताय? बोला की."

मी बोलायला गेलो. तोंडातून नुसती हवा आणि एक घाणेरडा आवाज बाहेर पडला. तो माझा आवाज आहे हे मला खरं वाटेना.

मग सुरू झालं. कुणी म्हणालं पित्त चढलं, कुणी म्हणालं उपाशीपोटी हुरडा बाधला. मालननं गुळाचं पाणी पाजायचा प्रयत्न केला, ते ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडलं. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. बोरीच्या झाडाखाली मला आडवं केलं आणि म्हणाले, पडू द्या घटकाभर, आपोआप उतरंल.

मला मात्र कळलं होतं. माझा ड्रायव्हर इस्माईलभाई याला नोकरीत असताना चालत्या गाडीत हेच झालं होतं, येडशीच्या अलीकडं. तशा हालतीत त्यानं गाडी कडेला घेतली. प्रवाशांत एक ट्रकवाला होता, तो स्टिअरिंगवर बसला आणि आम्ही अख्खी एस.टी. प्रवाशांसकट धाराशिवच्या दवाखान्यात नेऊन उभी केली. तिथं त्याच्या डोक्याचा फोटो काढला, इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. इस्माईलभाई आज स्वतःची स्कूटर चालवतो. त्यामुळं मला तेवढं एकच माहीत होतं, की धाराशिव गाठायचं आणि लवकर गाठायचं. आणि तेच मला कुणाला सांगता येत नव्हतं.

*

विकासनं अँब्युलन्सला फोन लावायला मोबाईल काढला. जावई म्हणाले, "कशाला वाट बघायची? गाडी हाय की दारात." त्यांचं बरोबर होतं. मला उचलून मागच्या सीटवर घातलं, डोकं मालनच्या मांडीवर, पाय सुनीताच्या. विकास पुढं बसला आणि जावई गाडी चालवायला. त्यांनी गाडी जोरात आणि सांभाळून चालवली, त्यातही काही म्हणायला जागा नाही.

येरमाळ्याच्या चौकात गाडी थांबली. आमच्या बाजूनं आलं की डावीकडं वळून धाराशिव लागतं आणि सरळ गेलं की बार्शी. विकास म्हणाला, "डावीकडं घ्या दाजी, धाराशिवला जाऊ."

"बार्शीला माझा वर्गमित्र हाय, दवाखान्यात मॅनेजर. पोचलो की फोन करतो त्याला. गेल्या गेल्या आत घेतील. धाराशिवला कोण वळखतंय आपल्याला? बसावं लागंल बाकड्यावर."

"पण दाजी, इस्माईलचाचाला..."

"इकास, गप," मालन म्हणाली. "जावईबापू म्हणत्यात तसं करा. त्यान्ला कळतंय समदं."

आपल्याकडं माणूस आजारी पडला की काय होतंय हे विचारायच्या आधी तिथं ओळखीचं कोण आहे हे विचारतात. मीही हेच करत आलो. गावातल्या कितीतरी लोकांना मी ह्या नाही तर त्या ओळखीनं दवाखान्यात आत घुसवलं असेल आणि त्याचा मला अभिमानही होता. त्यात ही ओळख जावयाची. सुनीताचं लग्न झाल्यापासून आमच्या घरात जावयाचा शब्द खाली पडू दिलेला नाही. पहिलं ताट त्यांचं, खाट त्यांची, शेवटचा शब्द त्यांचा. त्या दिवशी मान देता देता आम्ही माझा जीवही त्यांच्याच हवाली केला. त्यांना काय वाटेल, या एका विचारानं विकास पुढं काही बोलला नाही.

गाडी सरळ निघाली. माझ्या डोळ्यांसमोर फक्त गाडीचं छत होतं, पण त्या रस्त्यावर माझी हयात गेलेली. वळण आलं की नाही हे माझ्या पाठीला कळलं. डावा हात चालत होता. मी मुठीनं दारावर एक टोला मारला.

एस.टी.त एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. कंडक्टरची घंटी वाजली की ड्रायव्हर मागं वळून विचारत नाही, ब्रेकवर पाय ठेवतो. वर्षानुवर्षं माझा हात तेच करत आला होता, त्या दिवशीही त्यानं तेच केलं. मी थांबून थांबून एकेक टोला मारत राहिलो.

"फीट यायलीय जणू," मालन घाबरून म्हणाली. "चावी द्या, चावी." विकासनं घराच्या चाव्यांचा जुडगा मागं दिला आणि फीट थांबावी म्हणून तिनं तो माझ्या मुठीत कोंबला. आता माझ्या हातात लोखंड आलं. मी त्या चाव्यांनी काचेवर टोला मारला, चांगला खणखणीत वाजला. पुन्हा मारला. मालन माझा हात धरून रडत होती, "नका वो तरास करून घेऊ, आलाच दवाखाना."

इतक्या घंट्या मी नोकरीत एका फेरीला दिल्या नसतील. गाडी थांबली नाही.

*

तो दवाखाना हाडांचा होता. चांगला होता, स्वच्छ होता. त्याच गावात मेंदूचे डॉक्टर आणि डोक्याचा फोटो काढायची मशीन असलेले दवाखानेही असणार, पण तिथं आमची ओळख नव्हती. ज्यांची ओळख होती ते मित्र नेमके लग्नाला गेलेले. फोनवर म्हणाले, निघालोच, तोवर मामांना, म्हणजे मला, आत घ्या, माझं नाव सांगा.

नाव सांगितलं. सगळे आमच्याशी फार आदरानं वागले. मालनला खुर्ची दिली, सगळ्यांना चहा आला, मला सलाईन लावलं. सलाईन लावलं की आपल्या लोकांना वाटतं उपचार सुरू झाले. डॉक्टर आत ऑपरेशन करत होते. जावई दारात जाऊन रस्त्याकडं बघून येत होते.

"दाजी, दुसरीकडं हलवू का?" विकासनं एकदा विचारलं.

"आलाच की त्यो. आता निघून गेलो तर काय वाटंल त्याला?"

मित्र यायच्या आधी डॉक्टरच बाहेर आले. मला बघून त्यांचा चेहरा बदलला. "यांना इथं का आणलं? मी हाडांचा डॉक्टर आहे. हा मेंदूचा पेशंट आहे, एक मिनिट थांबू नका." बार्शीतले मेंदूचे डॉक्टर नेमके बाहेरगावी होते, म्हणून त्यांनी स्वतः सोलापूरला मेंदूच्या डॉक्टरांना फोन केला, स्वतः अँब्युलन्स बोलावली. त्या माणसाचे उपकार आहेत.

सोलापूरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं नीट कधी बोलत होते?" मालन म्हणाली सकाळी, जावई म्हणाले दुपारच्या आत. सुनीताला आठवलं, तिनं मोबाईलवर हुरड्याचा व्हिडिओ काढला होता. तिनं तो पुढं केला. त्यात मी दोन्ही हातांनी कणीस चोळतोय आणि जावयाला ओरडून सांगतोय, "खावा हो, लाजू नगा." डॉक्टरांनी त्या व्हिडिओची वेळ बघितली आणि फोन हळूच परत दिला.

"मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळली. आता दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका आहे. थोडं आधी पोचायला हवं होतं."

मी स्ट्रेचरवर पडून हे ऐकत होतो. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही असं लोकांना का वाटतं कोण जाणे. माझ्या कानाला आणि अकलेला काहीही झालेलं नव्हतं. मी रडलो, तर मालन म्हणाली, डोळ्याला पाणी सुटलंय.

*

दवाखान्यातले दिवस सगळे सारखे. पहाटे सिस्टर येऊन रक्त घ्यायच्या, मग नाकातल्या नळीतून पातळ खाणं, मग कुशी बदलायची. खाकी कपडे कडक इस्त्रीचे घालणारा माणूस मी, आता मला लंगोट बांधलेला. विकास माझी दाढी करायचा. कधी लहानपणी मी त्याला न्हाऊ घातलं असेल, त्याचं तो काही न बोलता फेडत होता. रोज सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची, तर मी असाच जगेन याची. मरणाची तेवढी वाटत नव्हती.

एक दिवस इस्माईलभाई आला. दारातूनच म्हणाला, "काय मास्तर, गाडी लवकर डेपोत घातली की वो." बाकी सगळे माझ्याशी लहान पोराशी बोलावं तसं हळू आणि मोठ्यानं बोलायचे. तो नेहमीसारखा बोलला, साहेबांना शिव्या दिल्या, कोण रिटायर झालं ते सांगितलं. भेटायची वेळ संपली तसा उठला. मी डाव्या हाताच्या बोटांनी कॉटच्या लोखंडी कठड्यावर एक टोला मारला.

तो लगेच खाली बसला. "बसतो की. लगीच कुठं चाललोय?"

घरचे सगळे आमच्याकडं बघत राहिले. इस्माईलभाईला त्यात नवल करण्यासारखं काही वाटलंच नाही. "थांबा म्हणलं की त्यांनी," तो म्हणाला. "एक टोला थांबा, दोन टोले चला. तुमाला म्हाईत न्हाय व्हय? बरं, मास्तर, आता असं करू. व्हय असंल तर दोन, न्हाय असंल तर एक."

मालन पुढं आली. "तुमाला ही उशी उंच हुतीय का?" दोन टोले. "म्या बोलते ते कळतंय तुमाला?" दोन टोले. तिनं तोंडाला पदर लावला. मग हसली, मग परत रडली. कितीतरी दिवसांनी मी घरात परत आल्यासारखं झालं. चहा हवा का, पंखा बंद करू का, विकासवर रागावलात का, सगळे विचारत सुटले आणि मी टोले देत सुटलो.

मग विकासचा चेहरा एकदम उतरला. "अण्णा, त्या दिवशी गाडीत काच वाजवत हुता. ते थांबा म्हणून व्हय?"

जावई पायथ्याशी थर्मास घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. एक टोला मारून मोकळं होता आलं असतं. पण इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझं म्हणणं माणसांना कळत होतं, आणि तिथं खोटं सांगायला मन धजेना. मी दोन टोले दिले.

त्यांनी थर्मास खाली ठेवला आणि बाहेर गेले. जिन्यात विकास त्यांना काय काय बोलला ते मला पुष्कळ नंतर समजलं. बोलायला नको होतं असं बोलला.

*

इथं सुनीतानं पेन खाली ठेवलं होतं. "अण्णा, हे पण लिहायचं?" मी म्हटलं, लिही.

मी घरी आलो, काठी धरून उभा राहायला लागलो. व्यायामाला एक मॅडम यायच्या, बोलायला शिकवायला दुसऱ्या. पण जावयांचं येणं बंद झालं. सुनीता एकटीच यायची, एस.टी.नं, आणि एकटीच परत जायची. विकास त्यांचं नाव काढत नव्हता. मालनला दोन्हीकडून जाच होता, कारण चौकात शेवटचा शब्द तिचा होता आणि ती ते विसरत नव्हती. सुनीता सांगायची, ते जेवत नाहीत, झोपत नाहीत, गाडी विकायला काढलीय. विकास सोडून प्रत्येक जण त्यांना एकच सांगायचा, तुमची काही चूक नाही. मालन सांगायची, त्यांची आई सांगायची, सुनीता रोज सांगायची. माझ्या आजारानं माझा हात नेला होता, आता तो माझ्या मुलीचा संसार पोखरत होता. मला त्याचीच धास्ती बसली.

मालननं बोलायच्या मॅडमना गळ घातली, "यान्ला एवढं एक वाक्य शिकवा. तुमची चूक न्हाय, जावईबापू. यांच्या तोंडचं आयकलं की येतील ते." मॅडमनी मनापासून मेहनत घेतली. तुमची, चूक, नाही. माझी जीभ तिथं अडायची. रोज थोडं बोलता येत होतं, पाणी, चहा, मालन, भाकर सगळं येत होतं, हे येईना. मॅडम म्हणायच्या, अवघड वाक्य आहे. मला वाटायचं, खरं नाही म्हणून येत नसेल.

त्या वर्षी धोंड्याचा महिना पावसाळ्यात आला. तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयाच्या मानाचा. त्याला बोलावून पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, वाण द्यायचं. सुनीतानं सांगितलं, ते येणार नाहीत. मी विकासला खुणेनं फोन लावायला लावला. पलीकडून "हॅलो मामा" ऐकू आलं. मी पुष्कळ वेळ घेतला. त्यांनी फोन ठेवला नाही.

"या," मी म्हणालो.

ते आले. वाळले होते. दाराजवळच बसले, विकासनं पाणी दिलं, ते त्याच्याकडं न बघता घेतलं. मालननं पाट मांडला, ताटात धोंडे वाढले, वर तूप सोडलं. जावई पाटावर बसले पण ताटाला हात लावेनात.

"मामा, मला वाण नको, काय नको. सुनीतासाठी आलोय फक्त."

मालन मला डोळ्यानं खुणावत होती, म्हणा, म्हणा ते. मी तोंड उघडलं.

"चुकलं," मी म्हणालो. मग थांबून, "तुमचं."

"आवं!" मालन ओरडली. "दारात आलेल्या जावयाला असं..."

मी डावा हात वर केला. पुढचा शब्द यायला फार वेळ लागला. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"आमचं बी. सगळ्यांचं." मग एका दमात, "जेवा."

राजेंद्र तसेच पाटावर बसून रडले, आवाज करून, पोरासारखे. सुनीता उठायला लागली, मी तिला बसवलं. पुष्कळ वेळानं त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं.

"मामा, सगळी मला म्हणायची, तुझं काय चुकलं न्हाय. आन् मला म्हाईत हुतं, चुकलंय. येकानं तरी म्हणायला पायजे हुतं वो."

आणि त्यांनी ताट पुढं ओढलं.